फावडं कुठे थांबवायचं हे कोणाला कळलं? इजिप्तच्या उत्खननातला स्थानिकांचा वाटा

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही पुरातत्त्वात एम.ए. करताय. लघुप्रबंधासाठी इजिप्तमधल्या उत्खननात आणि संवर्धनात स्थानिक लोकांचा वाटा हा विषय तुमच्या मनात आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं असं की स्थानिक लोक रोजंदारीवरचे मजूर होते, त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नाही. शिवाय तुम्ही वाचता त्या प्रत्येक ठिकाणी हेच लोक थडगी लुटतानाही दिसतात. मग योगदान म्हणायचं तरी कशाला, आणि ते मोजायचं कसं?

मी रंगीत भित्तिचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. लुक्सॉरला नाईलच्या पश्चिम काठावरच्या थडग्यांमध्ये एका परदेशी मोहिमेबरोबर बरेच हंगाम काम केलं आहे. उत्खनन माझ्यासमोर चालायचं, पण माझा स्वतःचा हात भिंतीवरच्या गिलाव्यावर असायचा. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मजूर होते हे खरंच आहे. पण मजूर म्हटलं की हात यांचे आणि डोकं दुसऱ्याचं, असं आपण न बोलता धरून चालतो. ज्याने उत्खनन जवळून पाहिलंय त्याला ही वाटणी पटत नाही. माती खणताना दर क्षणाला निर्णय घ्यावा लागतो: हा थर संपला का, ही भिंत आहे की भिंतीचा ढिगारा, आता फावडं चालवायचं की करणी घ्यायची. तो निर्णय घेणारा माणूस चराच्या काठावर वही घेऊन उभा नसतो, चरात उकिडवा बसलेला असतो. चुकला तर पुरावा कायमचा जातो, पुन्हा खणून परत मिळत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: उत्खननात ज्ञान नेमकं कुठल्या क्षणी तयार होतं, त्या क्षणी तिथे कोण असतं, आणि नंतर नाव कोणाचं लागतं?

उत्तर काळावर आणि जागेवर अवलंबून आहे. एकोणिसाव्या शतकात, पुराणवस्तू खात्याचा फ्रेंच संस्थापक मारिएट याच्या उत्खननांवर गावंच्या गावं वेठीला धरून आणली जात. तिथे कौशल्याला वाव किती मिळाला असेल, याबद्दल मला शंकाच आहे. ब्रिटिश उत्खननकार पेट्रीच्या काळात माणसं पारखून घेतली जाऊ लागली. आज कैरोजवळच्या सक्कारासारख्या ठिकाणी मोठमोठ्या मोहिमांचे प्रमुखच इजिप्शियन असतात. दुसरं म्हणजे 'स्थानिक' हा एक गठ्ठा नाही. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमधला मुकादम सक्काराला जातो तेव्हा तिथल्या गावकऱ्यांना तो परकाच असतो. कैरो विद्यापीठातून शिकून आलेली निरीक्षक लुक्सॉरच्या थडग्यांच्या डोंगरावर वसलेल्या गुर्ना गावातल्या शेतकऱ्याला साहेबच वाटते. त्यामुळे प्रबंधात 'स्थानिक' लिहिताना दर वेळी कुठला, कोण, कुठल्या कामावरचा हे लिहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. ४ नोव्हेंबर १९२२, राजांची दरी, तुतनखामेनचं थडगं. त्या दिवशीच्या छोट्या डायरीत तिथला ब्रिटिश उत्खननकार हॉवर्ड कार्टरने थडग्याच्या पहिल्या पायऱ्या सापडल्याची एका ओळीची नोंद केली. नंतर त्याने सविस्तर लिहिलं त्यात एक तपशील आहे, जो बहुतेक जण वाचून पुढे जातात. तो सकाळी कामावर पोचला तेव्हा शांतता होती, काम थांबलेलं होतं, आणि त्या शांततेवरूनच काहीतरी घडलंय हे त्याला कळलं. प्राचीन कामगारांच्या झोपड्यांचे अवशेष हटवताना त्यांच्याखाली खडकात कोरलेली एक पायरी लागली होती. म्हणजे पायरी ओळखणारी माणसं कार्टरच्या आधी तिथे होती, आणि त्यांनी ओळखून हात थांबवला होता.

त्या दरीत नुसतं उभं राहिलात तरी याचं मोल कळेल. पायाखाली चुनखडीच्या ढलप्या, पुराबरोबर आलेला गाळ आणि आधीच्या उत्खननांचा राडारोडा हे सगळं एकाच फिकट रंगाचं असतं. त्यात आपोआप फुटलेल्या खडकाची कड कोणती आणि छिन्नीने काढलेली कड कोणती, हे धूळ उडत असताना ओळखायचं. पाणी आणणाऱ्या मुलाला पहिली पायरी दिसली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लुक्सॉरमध्ये ती सगळे सांगतात, पण कार्टरच्या त्या दिवशीच्या नोंदींत तो मुलगा नाही. प्रबंधात ती लोककथा म्हणून द्या, पुरावा म्हणून नको. पुरावा म्हणून ते थांबलेलं काम पुरेसं आहे.

कार्टरने आपल्या चार मुकादमांचे नाव घेऊन आभार मानले आहेत: अहमद गेरिगार, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सैद. पण हॅरी बर्टनने काढलेल्या छायाचित्रांमध्ये कामावरची इतकी माणसं दिसत असूनही, त्यातले हे चौघे कोणते हे आज खात्रीने सांगता येत नाही. नावं एका कागदावर, चेहरे दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही जोडणारी ओळ कोणीच लिहिली नाही. तुमच्या विषयातली मुख्य अडचण ती हीच.

१९२३ च्या मे महिन्यात त्या थडग्यातल्या वस्तूंच्या पेट्या नाईलपर्यंत न्यायच्या होत्या. अंतर सुमारे ९ किलोमीटर, हाताशी रुळांचे मोजकेच तुकडे. कामगारांनी रुळांवरचे डबे पुढे ढकलायचे, मागचे रूळ उचलून पुढे आणून टाकायचे, पुन्हा ढकलायचे, असं करत वरच्या इजिप्तच्या त्या उन्हाळ्यात १५ तासांच्या मेहनतीने सगळं नदीवर पोचवलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आणि सोनं होतं त्या पेट्यांत. वाहतूक हा संवर्धनाचा सगळ्यात धोक्याचा टप्पा असतो, हे माझ्या क्षेत्रातलं कोणीही सांगेल.

पण माती वाचणं म्हणजे काय, हे जरा जवळून सांगते, कारण मार्गदर्शकांना पटवायला तेच उपयोगी पडेल. आपल्याकडच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, काम केलं असेल तर तुम्हाला लगेच समजेल. इजिप्तमध्ये घरं, तटबंद्या, अगदी मंदिरांची कोठारंसुद्धा कच्च्या विटांची. भिंत पडली की तिची माती तिच्याच पायाशी साचते. म्हणजे मातीची भिंत मातीत पुरलेली, आणि ती त्याच मातीपासून वेगळी काढायची. आमच्या मोहिमेवरचे मुकादम हे काम शक्यतो सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना करायचे. आधी करणीच्या धारेने जमीन आडवी तासून सपाट करायची, मग थोडं थांबायचं. वीट आणि तिच्या भोवतीचे दर्जे, म्हणजे सांधे, सारख्या वेगाने वाळत नाहीत. थोड्या वेळाने दर्ज्यांच्या फिकट रेषा वर यायला लागतात, विटेत मिसळलेल्या भुश्श्याचे ठसे दिसतात, आणि मघाशी नुसता चिखल वाटत होता तिथे विटांची ओळ उभी राहते. ढिगाऱ्यातल्या विटा वेड्यावाकड्या पडलेल्या असतात, भिंतीतल्या ओळीत. रेषा दिसण्याआधीच आवाजावरून त्यांना अंदाज आलेला असायचा, कारण तिकडच्या रुंद पात्याच्या फावड्याचा, तूरियाचा, भरावावरचा आवाज आणि भिंतीवरचा आवाज वेगळा येतो. मी शेजारी बसून कान देऊन ऐकायचे. काही हंगामांनंतर मला तो फरक थोडाफार कळू लागला. त्यांना तो वडिलांबरोबर पाट्या वाहतानाच कळलेला होता.

हे कौशल्य पिढीजात झालं ते कुफ्त गावामुळे. लुक्सॉरच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर हे गाव आहे. प्राचीन काळी तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून उंटांवर लादून येणारा माल इथे नाईलला मिळायचा; त्यात आपल्या सोपारा-कल्याणच्या किनाऱ्यावरून गेलेला मालही असे. १८९३-९४ च्या हंगामात फ्लिंडर्स पेट्रीने इथे उत्खनन केलं, काही माणसं हेरून तयार केली, आणि पुढच्या वर्षी त्यांना नकादाला घेऊन गेला. तिथून ती परंपरा सुरू झाली. पुढे रायझनरसारख्या अमेरिकन उत्खननकारानेही कुफ्तचीच माणसं घेतली, आणि आजही कितीतरी मोहिमांवर कुफ्ती मुकादम दिसतात. ते स्वतःच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर हंगामभर राहतात. परदेशी प्रमुख बदलतात, निधी आटतो, विद्यापीठं बदलतात, आणि जागेची आठवण मुकादमाच्या घराण्यात शिल्लक राहते. अमुक चर मागे कुठपर्यंत नेला होता, कुठे पोकळ लागलं होतं, हे आमच्याकडे कित्येकदा अहवालात सापडायचं नाही आणि मुकादमाला विचारलं की कळायचं.

पेट्रीचा सर्वांत भरवशाचा माणूस मात्र कुफ्तचा नव्हता. अली सुएफी हा लाहूनचा. पेट्रीच्या लिखाणात तो वर्षानुवर्षं भेटतो आणि त्याच्या नजरेचं कौतुकही वाचायला मिळतं. पेट्रीने आणखी एक पद्धत पाडली: सापडलेल्या वस्तूसाठी मजुराला रोजाच्या वर बक्षीस द्यायचं, बाजारातला व्यापारी देईल साधारण तेवढं. वस्तू परस्पर विकली जाऊ नये हा हेतू. या पद्धतीबद्दल माझं मत मिश्र आहे. तिच्यामुळे लहानसहान मणी आणि खापरंसुद्धा जपून काढली गेली, आणि कोणाला काय मिळालं याच्या नोंदी राहिल्या, ज्या आज तुमच्या उपयोगाच्या आहेत. पण माणूस चोरणारच, असं धरूनच ती आखलेली होती. दोन्ही गोष्टी लिहा.

आता लुटीबद्दल. हा भाग टाळू नका. टाळलात तर तुमच्या बाकीच्या लेखनावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गुर्ना गावच्या अब्द अल-रसूल घराण्याला १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला देर अल-बहरीजवळच्या कड्यात राजांच्या ममींचा गुप्त साठा सापडला. दहा वर्षं ते त्यातल्या वस्तू थोड्या थोड्या विकत होते. विकत होते कोणाला? लुक्सॉरमधला मुस्तफा आगा हा ब्रिटनसह काही युरोपीय देशांचा प्रतिनिधी होता आणि जुन्या वस्तूंचा व्यापारीही. राजनैतिक संरक्षण असल्यामुळे त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. त्याच्यामार्फत वस्तू युरोपात जात होत्या. पकडले गेले ते गावकरी. अहमद अब्द अल-रसूलला केनाला नेऊन तळपायांवर फटके मारले तरी तो बोलला नाही. शेवटी जून १८८१ मध्ये भाऊ मोहम्मदने जागा उघड केली. पुराणवस्तू खात्याचे एमिल ब्रुग्श आणि अहमद कमाल तिथे पोचले. दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस असे राजे एकाच विवरात दाटीवाटीने ठेवलेले होते. अवघ्या दोन दिवसांत सगळं बाहेर काढलं गेलं, आणि कुठली शवपेटी कुठे, कशी होती याची धड नोंद झाली नाही. त्या घाईचं नुकसान अभ्यासक अजून सोसत आहेत. ममी घेऊन बोट कैरोकडे निघाली तेव्हा काठावरच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकांच्या फैरी झाडत होते, जसं तिकडे घरच्या मयताला करतात.

मोहम्मदला बक्षीस मिळालं आणि उत्खनन खात्यात मुकादमाची नोकरीही. १८९१ मध्ये त्यानेच अमुन देवाच्या पुरोहितांच्या १५३ शवपेट्यांच्या संचांचा दुसरा मोठा साठा दाखवला. आता सांगा, हा माणूस लुटारू की शोधक? माझं उत्तर: एकाच घरात, एकाच हातात दोन्ही होतं, आणि कुठलं बाहेर येईल हे बरंचसं बाजारावर आणि खात्याच्या वागणुकीवर ठरत होतं. ज्ञान तेच होतं. डोंगराचा कुठला कपार नैसर्गिक आणि कुठला बुजवलेला, हे ज्याला कळतं त्याच्याकडेच दोन्ही वाटा असतात.

नासधूस आणि शोध एकत्र असण्याचं आणखी एक उदाहरण आहे सेबाखचं. जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतली कुजलेल्या कच्च्या विटांची माती, म्हणजे सेबाख, तिकडचे शेतकरी खत म्हणून नेत. आपल्याकडेही पांढरीची माती गाड्या भरभरून नेलेली तुम्ही पाहिली असेल. या उपशाने इजिप्तमधली कितीतरी प्राचीन गावं नाहीशी झाली. पण १८८७ मध्ये अमार्ना इथे अशीच माती उकरताना एका गावकरी बाईला क्यूनिफॉर्म या खिळ्यांसारख्या अक्षरांच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या सापडल्या, असं सांगितलं जातं. इजिप्तच्या राजांचा शेजारच्या राज्यांशी झालेला पत्रव्यवहार होता तो. सुरुवातीला तज्ज्ञांनीच त्या बनावट म्हणून बाजूला सारल्या.

मग शिकलेल्या इजिप्शियनांचं काय? १८८१ च्या त्या विवरात उतरलेले अहमद कमाल (१८५१-१९२३) हे पहिले इजिप्शियन इजिप्तशास्त्रज्ञ मानले जातात. त्यांच्या तरुणपणी पुराणवस्तू खातं फ्रेंचांच्या हातात होतं, आणि संग्रहालयात इजिप्शियनांना शिलालेखांची नक्कल करायचीही मारिएटने मनाई केली होती, असं एमिलचा भाऊ, इजिप्तशास्त्रज्ञ हाइनरिख ब्रुग्शने लिहून ठेवलंय. कमाल यांनी प्राचीन इजिप्शियन भाषेचा २२ खंडांचा कोश हाताने लिहिला. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. आपल्या लोकांना शिकवा, असा आग्रह त्यांनी धरला तेव्हा खात्याचे प्रमुख लाको म्हणाले की तुमच्याशिवाय फार कोणाला यात रस दिसत नाही. इतकी वर्षं खातं तुमच्याकडे आहे, तुम्ही आम्हाला संधी कोणती दिलीत, असं कमाल यांनी त्यांना उलट विचारलं. कमाल यांचे विद्यार्थी सलीम हसन यांनी पुढे गिझाला वर्षानुवर्षं उत्खनन केलं, स्फिंक्सभोवतालची वाळू हटवली. लबीब हबाशींनी एलिफंटाइन बेटावर हेकाइब या पुढे देव मानल्या गेलेल्या अधिकाऱ्याचं देवस्थान उजेडात आणलं. १९५२ च्या क्रांतीनंतर पुराणवस्तू खात्याचं प्रमुखपद पहिल्यांदा इजिप्शियन माणसाकडे आलं. १९८३ च्या कायद्याने परदेशी मोहिमांना सापडलेल्या वस्तूंमधला हिस्सा मिळण्याची पद्धतही जवळपास संपली.

गिझाचं एक प्रकरण तुमच्या प्रबंधाचा गाभा होऊ शकेल. रायझनरच्या मोहिमेवर मोहम्मदानी इब्राहिम हे छायाचित्रकार होते. त्या मोहिमेच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह इजिप्शियन छायाचित्रकारांनीच काढलेल्या आहेत, आणि त्यांत मोठा वाटा यांचा. फेब्रुवारी १९२५ मध्ये रायझनर अमेरिकेत होता. खुफू राजाच्या पिरॅमिडच्या पूर्वेला छायाचित्र घेताना कॅमेऱ्याच्या तिवईचा पाय टेकला तिथे खडकाऐवजी गिलावा लागला, असं सांगतात. त्याखाली निघाली सुमारे २७ मीटर खोल विहिरीसारखी वाट, आणि तळाशी खुफूची आई, राणी हेतेफेरेस हिचं सामान. लाकूड कुजून गेलेलं, वरचे सोन्याचे पत्रे आणि जडाव मात्र पडल्या जागी शिल्लक. कुठला पत्रा कुठे पडला होता याची छायाचित्रं आणि मोजमापं इतकी काटेकोर ठेवली गेली की त्यावरून राणीची खुर्ची, पलंग, मेघडंबरी पुन्हा उभी करता आली. या मोहिमेवरच्या मुकादमांनी अरबीत रोजनिशाही लिहिल्या होत्या. त्या पुढे त्यांच्या घराण्यात जपलेल्या सापडल्या. खणणाऱ्याने खणताना स्वतःच्या भाषेत लिहिलेलं, याहून थेट साधन तुम्हाला कुठे मिळणार?

संवर्धनावर येते. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

संवर्धनात नाव घ्यायचं तर अहमद युसूफ मुस्तफा यांचं घ्यावं. १९५४ मध्ये कमाल अल-मल्लाख यांनी खुफूच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला दगडांनी झाकलेला खड्डा उजेडात आणला. आत देवदाराच्या लाकडाची आख्खी नौका सुटी करून ठेवलेली, १,२२४ तुकडे. अहमद युसूफ खात्याचे मुख्य संवर्धक. हेतेफेरेसच्या सामानावर त्यांनी काम केलेलं होतं, पण नौकाबांधणी त्यांना येत नव्हती. मग ते नाईलवरच्या सुतारांकडे, बोटी बांधणाऱ्यांच्या कामावर जाऊन बसले, त्यांच्याकडून शिकले, आणि आधी छोट्या प्रतिकृती करून पाहिल्या. फळ्यांना आतल्या बाजूने छिद्रं होती, कारण ही नौका दोरांनी शिवलेली. (अलीकडे गोव्यात बांधलेलं शिवणीचं जहाज 'कौंडिण्य' ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल, दोन्हींची घडण वेगळी असली तरी.) फळ्यांवर प्राचीन सुतारांनी केलेल्या खुणा होत्या, डावं-उजवं, पुढचं-मागचं सांगणाऱ्या. त्या धरून, जोडून, सोडून, पुन्हा जोडून दहा वर्षांहून जास्त काळाने ४३ मीटर लांबीची नौका उभी राहिली. आज ती गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, २०२१ मध्ये तिथे हलवली. पुस्तकी ज्ञान, खात्याचं प्रशिक्षण आणि नाईलकाठच्या सुताराचा हात हे तिन्ही त्या नौकेत एकत्र आलेत. स्थानिक योगदान हाताला लागेल अशा रूपात पाहायचं असेल तर ही नौका पाहा.

भित्तिचित्रांत स्थानिक ज्ञान लागतं ते वाळूपासून. नेफेर्तारी राणीच्या थडग्यात चुनखडीतलं मीठ गिलाव्यामागे स्फटिक धरून वाढलं आणि त्याने चित्रांचे पोपडे सुटले. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकेतली गेटी संवर्धन संस्था आणि इजिप्शियन खातं यांनी मिळून काम केलं. इटालियन तज्ज्ञांच्या हाताखाली इजिप्शियन संवर्धकही होते. भराव म्हणून वापरलं ते तिथलंच जिप्सम आणि तिथलीच धुतलेली वाळू. हे 'धुतलेली' प्रकरण महत्त्वाचं. आम्ही एका लहान थडग्यात गिलाव्यामागची पोकळी भरत होतो तेव्हा माझ्याबरोबरच्या इजिप्शियन संवर्धकाने एका ओढ्यातली वाळू बघताक्षणी नको म्हटलं आणि दुसऱ्या ओढ्यातली आणायला लावली. दोन्ही धुऊन पाण्यातलं मीठ तपासलं. पहिली कितीही धुतली तरी मीठ सोडतच राहिली. ती वाळू भरली असती तर ज्या रोगावर इलाज करायला बसलो होतो तोच आम्ही भिंतीत घातला असता. भिंत तपासतानाही तसंच. बोटाच्या पेराने हलकं ठोकत जायचं आणि पोकळ आवाज येईल तिथे नकाशावर खूण करायची. यंत्रं आहेत, ती आम्ही वापरतोही, पण पहिला नकाशा बोटांनीच होतो.

तुतनखामेनच्या मुखवट्याची दाढी २०१४ मध्ये निखळली आणि घाईने इपॉक्सी या कडक गोंदाने चिकटवली गेली. इजिप्शियनांना वस्तू सांभाळता येत नाहीत, असं म्हणणारे हे उदाहरण हमखास काढतात. चूक गंभीरच होती. पुढच्या वर्षी जर्मन आणि इजिप्शियन संवर्धकांनी मिळून ते इपॉक्सी खरवडून काढलं आणि मेणाने दाढी बसवली. त्याच तराजूत हेही टाका: १९२५ मध्ये हाच मुखवटा सोडवण्यासाठी कार्टरच्या चमूने तापवलेल्या सुऱ्या वापरल्या आणि राजाचं शव तुकड्यांत वेगळं केलं. शवाच्या त्या तपासणीत शरीररचनातज्ज्ञ डग्लस डेरीबरोबर सालेह बे हमदी हे इजिप्शियन डॉक्टर होते, हेही फारसं कोणी सांगत नाही.

सध्याचं काम बघायचं असेल तर लुक्सॉरच्या दक्षिणेला एस्ना इथलं खनुम देवाचं मंदिर पाहा. शतकानुशतकांच्या काजळीने छत आणि २४ खांब काळेठिक्कर झालेले. २०१८ पासून इजिप्शियन-जर्मन प्रकल्पात अहमद इमाम यांच्या नेतृत्वाखालच्या इजिप्शियन संवर्धकांनी ते इंचाइंचाने स्वच्छ केलं. खालून नुसते मूळ रंग आले नाहीत. शाईने लिहिलेली, कोरलेली नव्हेत अशी नक्षत्रांची नावंही वाचता आली, जी आधीच्या अभ्यासकांना काजळीमुळे दिसलीच नव्हती. स्वच्छता करणाऱ्याने नवा पाठ मिळवून दिला.

राखण हाही वाटा मोजा. २०११ च्या उठावात, २८ जानेवारीच्या रात्री, कैरोत सामान्य नागरिकांनी हातात हात धरून संग्रहालयाभोवती साखळी केली. ऑगस्ट २०१३ मध्ये मल्लवी शहरातलं संग्रहालय लुटलं गेलं, हजाराहून अधिक वस्तू गेल्या. तेव्हा पुरातत्त्वज्ञ मोनिका हन्ना आणि तिथल्या लोकांनी उरलेल्या वस्तू हल्लेखोरांच्या समोर बाहेर काढल्या. आणि ज्यांनी किंमत मोजली त्यांनाही विसरू नका. अस्वानच्या उंच धरणात बुडू नयेत म्हणून अबू सिंबेलची मंदिरं कापून वर नेली गेली, ती जगाने पाहिली. त्याच धरणापायी इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नूबियन लोकांची गावं पाण्याखाली गेली. गुर्नाची घरं थडग्यांवर बसली होती म्हणून पाडली, माणसं दुसरीकडे हलवली. ज्या डोंगराची खडान्खडा माहिती त्या घराण्यांकडे होती, त्या डोंगरापासून ती आता लांब राहतात. थडग्यांना सांडपाण्याचा त्रास होता, हे संवर्धक म्हणून मला नाकारता येत नाही. तरी हा तोटा मला फार मोठा वाटतो.

आता कामाचं. प्रबंधासाठी इजिप्तला जायची गरज नाही. एक मोहीम निवडा, माझ्या मते तुतनखामेन किंवा गिझा. कार्टरच्या नोंदी आणि बर्टनची छायाचित्रं ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ऑनलाइन खुली केली आहेत. गिझाचं साहित्य हार्वर्डच्या 'डिजिटल गिझा' प्रकल्पात आहे. पेट्रीसाठी लंडनचं पेट्री म्युझियम. छापील अहवालापेक्षा हजेरीपट, मजुरीच्या वह्या आणि छायाचित्रं आधी बघा, कारण अहवाल लिहिताना नावं गळतात. एका हंगामाचा तक्ता करा: कोणाचं नाव कुठल्या कागदावर आहे, कुठल्या कामासाठी आहे, आणि अंतिम अहवालात ते उरलं का. तुमचा 'मोजायचं कसं' हा प्रश्न इथून सुटायला लागेल. छायाचित्रात माणूस ओळखता आला नाही तर 'अनामिक मजूर' लिहू नका. तो काय करतोय ते लिहा: तिवई धरतोय, ब्रशने फळी झाडतोय, मोजपट्टीचं टोक धरून उभा आहे.

आणि अरबी शिका. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे, चौकशी करून ठेवा. छापील अरबी वाचता येणं आणि त्या काळातल्या मुकादमाचं हस्ताक्षर लागणं यांत बरंच अंतर आहे, पण नावं, तारखा, आकडे आणि कामाची ठरावीक वाक्यं तुलनेने लवकर ओळखू येतात, आणि तुमच्या तक्त्याला सुरुवातीला तेवढंच लागतं. मार्गदर्शकांना दाखवायचा आराखडा तयार झाला की इथेच टाका, मी वाचून कळवते.